बिनसाखरेचं, परवडणारं सिरियल: दुकानात कुठल्या रांगेत शोधायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. घरात पाच माणसं. यजमानांचं एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, ६.१ आलंय, म्हणजे ते मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत. सासूबाईंना बीपी आहे. मुलं सात आणि अकरा वर्षांची, आणि त्यांना दुधात घालून खायचं चॉकलेटवालं सिरियलच हवं असतं. शाळेची गाडी सातला येते. न्याहारीच्या कोरड्या सामानावर महिन्याला हजारापेक्षा जास्त घालायचे नाहीत. मार्टमध्ये तासभर उभं राहून तुम्ही डबे वाचलेत. ज्यात साखर नाही ते परवडत नाही आणि जे परवडतं त्यात साखर आहे. शिवाय तुम्ही ठणकावून लिहिलंय की "कृपया पोहे-उपमा करा असं सांगू नका, मला सकाळी कढई चढवायला वेळ नाही."

नाही सांगणार. पण पोह्यांबद्दल मात्र बोलणार आहे, थोडा धीर धरा.

गेली बावीस वर्षं मी पुण्यात आहारसल्ल्याचं काम करते. तुमच्यासारखीच तक्रार आठवड्यातून एकदा तरी ऐकते, आणि दर वेळी माझा पहिला प्रश्न एकच असतो: मार्टमध्ये कुठल्या रांगेत उभ्या होतात? उत्तर ठरलेलं, 'ब्रेकफास्ट सिरियल्स' अशी पाटी असते तिथे. तिथे बिनसाखरेचं स्वस्त काही सापडणं अवघडच. रंगीत खोका, आतली पिशवी, जाहिरात, चव या सगळ्याचे पैसे आपण तिथे मोजतो आणि धान्य त्यात सगळ्यात स्वस्त असतं. बिनसाखरेचं स्वस्त सिरियल त्याच दुकानात दोन रांगा पुढे, डाळी-रव्याच्या शेजारी ठेवलेलं असतं. फक्त त्यावर सिरियल असं लिहिलेलं नसतं. पातळ पोहे, रोल्ड ओट्स, ज्वारीच्या लाह्या आणि दलिया म्हणजे आपला लापशी रवा, ही ती मंडळी.

पातळ पोहे म्हणजे मुळात काय, हे एकदा पाहा. भात, म्हणजे टरफलासकटचा तांदूळ, गरम पाण्यात भिजवतात, भाजतात, मग चेपून त्याची टरफलं काढतात. म्हणजे दाणा आधीच शिजलेला आणि चपटा झालेला असतो. कॉर्नफ्लेक्सचंही तेच: मक्याचे तुकडे शिजवायचे, रोलरखाली चेपायचे, भट्टीत कुरकुरीत करायचे. फरक एवढाच की मधल्या एका पायरीवर तिथे साखर, मीठ आणि माल्ट, म्हणजे मोड आणलेल्या धान्याचा गोडसर अर्क, घालतात. कढई न चढवता, थेट दुधात किंवा दह्यात घालून खायची वस्तू म्हणून पोह्यांकडे पाहायची आपली सवय सुटली आहे. कोकणात आणि गोव्यात ती अजून आहे. नरकचतुर्दशीला गोव्यातल्या घरांतून दुधातले, ताकातले, रसातले असे फोवांचे, म्हणजे पोह्यांचे, प्रकार होतात. ताकातले फोव हे माझ्या मते बिनसाखरेच्या न्याहारीचं उत्तम उदाहरण आहे. तो पदार्थ वर्षातून एकदाच का करायचा, हे मला आजवर कळलेलं नाही.

गंमत अशी की कॉर्नफ्लेक्सही मुळात बेचवच होते. अमेरिकेतल्या बॅटल क्रीक इथल्या आरोग्यधामात १८९४ च्या सुमारास डॉ. जॉन केलॉग आणि त्यांचे भाऊ विल यांनी रुग्णांसाठी चपट्या दाण्यांचा हा प्रकार शोधला. डॉक्टरांना त्यात साखर नको होती. धाकट्या भावाला धंदा दिसत होता, त्याने साखर घातली आणि १९०६ मध्ये स्वतःची कंपनी काढली. ती कंपनी १९९४ मध्ये आपल्याकडे आली, तळोज्याला कारखाना घातला, आणि मग लक्षात आलं की भारतीय माणूस त्यावर गरम दूध ओततो आणि कुरकुरीत फ्लेक्सचा लगदा होतो. आपल्याकडे गरम दुधाची सवय आजही तशीच आहे. त्यामुळे काय घ्यायचं हे ठरवताना 'दूध गरम की गार' हा प्रश्न मी पेशंटला आवर्जून विचारते. गरम दूध हवं असेल तर ओट्स किंवा दलिया. गार चालत असेल तर लाह्या आणि भाजलेले पोहे.

आता डबे वाचण्याबद्दल. तुम्ही तासभर वाचलेत, पण बहुधा समोरची बाजू वाचलीत. समोरची बाजू जाहिरातवाल्याने लिहिलेली असते. पाकीट उलटं करा.

मागे दोन गोष्टी असतात: घटकांची यादी आणि पोषणाचा तक्ता. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असा नियम आहे. पहिल्या तिनांत साखर असेल तर पाकीट परत ठेवा, पुढे वाचायचीही गरज नाही. मात्र साखर एकाच नावाने येत नाही. माल्ट एक्स्ट्रॅक्ट, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, गूळ पावडर, मध, खजुराचा पाक, फळांच्या रसाचं कॉन्सन्ट्रेट हे सगळे तिचेच नातेवाईक. एकाच पाकिटात साखर चौथ्या, मध सहाव्या आणि माल्ट सातव्या नंबरावर असेल, तर तिघांची बेरीज दुसऱ्या नंबरावर जाऊ शकते. हे मुद्दाम करतात की नाही, त्या वादात मी पडत नाही. पण दिसतं खूप वेळा.

तक्त्यात २०२० च्या लेबलिंगच्या नियमांनंतर दोन ओळी वेगळ्या दिसतात, 'टोटल शुगर्स' आणि 'अ‍ॅडेड शुगर्स'. तुम्हाला दुसरी पाहायची आहे, आणि तीही १०० ग्रॅमच्या रकान्यात. 'पर सर्व्ह'चा रकाना सोडून द्या, कारण तिथे एक सर्व्ह म्हणजे ३० ग्रॅम धरलेलं असतं. तीस ग्रॅम म्हणजे किती हे एकदा घरच्या वजनकाट्यावर करून पाहा. मुलं सहज पन्नास-साठ ग्रॅम घेतात. माझी रेघ साधी आहे: १०० ग्रॅममागे घातलेली साखर ५ ग्रॅम किंवा त्याखाली, आणि तंतू म्हणजे फायबर ६ ग्रॅम किंवा त्यावर. हे आकडे मी हवेतून काढलेले नाहीत. 'लो शुगर' म्हणायला घन पदार्थात ५ ग्रॅमच्या आत आणि 'हाय फायबर' म्हणायला ६ ग्रॅम, हे पाकिटावरच्या दाव्यांच्या सरकारी नियमांतलेच आहेत. 'शुगर फ्री' म्हणायचं तर अर्धा ग्रॅम, त्याहून जास्त नाही.

आणखी एक टक्केवारी असते, 'टक्के आरडीए' अशी, म्हणजे दिवसाच्या ठरवलेल्या प्रमाणापैकी किती भाग एका सर्व्हमधून येतो ते. साखरेच्या बाबतीत ती दिवसाला ५० ग्रॅम घातलेली साखर हा पाया धरून काढतात. म्हणजे एका वाडग्यात ९ ग्रॅम साखर असली की पाकीट १८ टक्के म्हणतं आणि आपण म्हणतो, फार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं ते असं: वरून घातलेली साखर, मध आणि रस यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत हवी, आणि ५ टक्क्यांच्या आत आली तर अधिक बरं. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला साधारण २५ ग्रॅम. त्या हिशोबाने तोच वाडगा ३६ टक्के होतो. सात वर्षांच्या मुलीची ऊर्जेची गरज मोठ्या माणसापेक्षा कमी, म्हणजे तिचा वाटा आणखी भरतो. चार ग्रॅम साखर म्हणजे एक चहाचा चमचा, एवढं लक्षात ठेवलंत तरी दुकानात उभ्याउभ्या हिशोब होतो. चॉकलेटवाल्या सिरियलमध्ये १०० ग्रॅममागे २५ ते ३५ ग्रॅम साखर हे नेहमीचं आहे. साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये ८-१० ग्रॅम. तेव्हा साध्या कॉर्नफ्लेक्सला साखरेबद्दल फार दोष देता येत नाही, तीस ग्रॅमला चमच्याच्या आतच ती जाते. त्यावर घरचे दोन चमचे आपण घालतो ते वेगळं.

'नाचणी', 'मल्टिग्रेन', 'मिलेट' असं समोर मोठ्या अक्षरांत असलं तर घटकांच्या यादीत त्या धान्यापुढे टक्के लिहिलेले असतात ते शोधा. नाचणीचं चित्र आणि आत नाचणी ८ टक्के, बाकी तांदूळ आणि मका, अशी पाकिटं मी मुलांच्या आयांना वर्गात दाखवते. सगळे हसतात, मग आपापल्या पिशवीतलं पाकीट काढून बघतात.

आता 'नो अ‍ॅडेड शुगर'. इथे मी स्वतः फसले आहे, म्हणून सांगते. काही वर्षांपूर्वी एका काकांना, निवृत्त शिक्षक होते, मी एक मुसली सुचवली. समोर 'नो अ‍ॅडेड शुगर', घटकांत ओट्स, बदाम, मनुका, खजूर. साखर नाही, मध नाही. पंधरा दिवसांनी काका वही घेऊन आले. न्याहारीनंतर दोन तासांनी मोजलेली रक्तातली साखर आधीपेक्षा वाढलेली. पाकीट मागवून नीट पाहिलं. टोटल शुगर्स १०० ग्रॅमला २० च्या पुढे, सगळी मनुका आणि खजुराची. लेबल खोटं नव्हतं. मी अर्धं वाचलं होतं. मनुकांच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते, आणि मुसलीत त्या मुठीने पडतात. तेव्हापासून सुक्या फळांची मुसली मी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसाला सांगत नाही. क्रॅनबेरी, पपई आणि अननसाचे रंगीत तुकडे तर बहुतेक साखरेच्या पाकातून काढलेलेच असतात.

यावरूनच तुमच्या यजमानांच्या मुद्द्यावर येते, कारण तो सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तुम्ही तो विचारलेलाच नाही. तुम्ही धरून चाललाय की पाकिटात साखर नसली म्हणजे रक्तातली साखर वाढणार नाही. तसं नसतं. चुरमुरे घ्या. एक दाणाही साखर नाही. पण फुगवलेल्या दाण्यातला स्टार्च इतका मोकळा झालेला असतो की पोटात गेल्यावर त्याची साखर व्हायला वेळ लागत नाही. खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्याने चढते याचं माप म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स; कॉर्नफ्लेक्स, चुरमुरे, झटपट ओट्स यांचा तो ८० च्या आसपास जातो. जाड रोल्ड ओट्सचा साधारण ५५ ते ६०, स्टील-कट म्हणजे नुसत्या कापलेल्या ओट्सचा त्याहून थोडा कमी. धान्य तेच. दाणा जितका मोडला, फुगवला, पातळ केला, तितका तो लवकर पचतो.

म्हणून ६.१ वाल्या माणसाचा वाडगा आणि मुलांचा वाडगा एकच असायची गरज नाही. यजमानांसाठी रोल्ड ओट्स किंवा दलिया. रोल्ड ओट्स वाफवलेलेच असतात, त्यामुळे शिजवलेच पाहिजेत असं नाही. रात्री झोपताना ४० ग्रॅम ओट्स, वाटीभर दही, थोडं पाणी, चिमूट जिरेपूड, झाकून फ्रिजमध्ये. सकाळी वर दहा-बारा शेंगदाणे किंवा मूठभर फुटाणे आणि काकडीचे तुकडे. गोड लागत नाही आणि लागायलाच नको. गोड न्याहारीची सवय मोडली की पुढचं सगळं सोपं जातं. दलिया रविवारी कोरडा भाजून कुकरला लावा, तिप्पट पाणी, मऊ शिजवून फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो; सकाळी दूध घालून गरम केला की झालं. ओट्समधल्या बीटा-ग्लुकान नावाच्या तंतूचा कोलेस्टेरॉलला फायदा होतो हे खरं, पण त्यासाठी दिवसाला ३ ग्रॅम लागतात, म्हणजे ७०-७५ ग्रॅम ओट्स. चमचाभर ओट्स घातलेल्या बिस्किटांनी ते होत नाही.

आणि ग्लुकोमीटर घरी असेल तर नव्या न्याहारीचे तीन दिवस, खाल्ल्यावर दोन तासांनी मोजा. माझ्या किंवा कुणाच्याही सांगण्यापेक्षा तो आकडा बघा आणि तुमच्या डॉक्टरांना दाखवा. एकाच वाडग्याने दोन माणसांची साखर वेगवेगळी चढलेली मी पाहिली आहे.

पैशांकडे येऊ. पाकिटावर एमआरपीच्या जवळ हल्ली अजून एक बारीक आकडा असतो, 'यूएसपी' असा, म्हणजे एका ग्रॅमचा किंवा किलोचा भाव. वजन-मापाच्या नियमांत २०२१ मध्ये केलेल्या दुरुस्तीमुळे तो आला. किलोच्या आतलं पाकीट असेल तर ग्रॅमचा भाव, किलोच्या वर असेल तर किलोचा. ०.६० असं दिसलं की हजाराने गुणा: सहाशे रुपये किलो. सहाशे रुपये किलोचं धान्य आपण एरवी कधी घेतलंय का, असा विचार तिथेच मनात येतो आणि हात आपोआप मागे येतो. खोक्याच्या आकाराला आणि 'वीस टक्के जास्त' असल्या पट्ट्यांना भुलू नका, हाच आकडा बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॉर्नफ्लेक्सवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे भाव पूर्वीपेक्षा उतरायला हवा. तरी ओट्स आणि पोह्यांच्या तो जवळ येत नाही.

ओट्स घेताना साधे घ्या. घटकांत फक्त 'ओट्स' हा एक शब्द असायला हवा. मसाला ओट्स, फळांच्या चवीचे ओट्स, एका वेळचे छोटे पाऊच या सगळ्यांत ग्रॅमचा भाव दुपटीहून वर जातो, आणि मसाल्यात मीठ भरपूर असतं, कित्येकांत साखरही. मार्टचे स्वतःच्या नावाचे ओट्स असतात ते बिनदिक्कत घ्या. एकच घटक असलेल्या वस्तूत नावाला जास्त पैसे का द्यायचे? फक्त पाकीट उघडल्यावर वास घ्या. ओट्समध्ये तेलाचा अंश असतो, जुने झाले की खवट लागतात.

आता तुमच्या घरासाठी एक मिश्रण देते. हे मी गेली दहा-बारा वर्षं देते आहे. पातळ पोहे अर्धा किलो, रोल्ड ओट्स ३०० ग्रॅम, शेंगदाणे १०० ग्रॅम, डाळं १०० ग्रॅम, जवस ५० ग्रॅम. पुण्यात सध्या सर्वसाधारण दुकानात जे भाव दिसतात त्यांनी हिशोब करते: पोहे ७० रुपये किलोने ३५, ओट्स २०० ने ६०, शेंगदाणे १६० ने १६, डाळं १४० ने १४, जवस १४० ने ७. एकूण १३२ रुपये, आणि वजन एक किलो पन्नास ग्रॅम. किलोला सव्वाशेच्या आसपास पडलं. ४५ ग्रॅमचा वाडगा धरला तर साडेपाच-सहा रुपये. पाच माणसं आणि महिन्याचे सव्वीस दिवस म्हणजे १३० वाडगे, साडेसातशेच्या आत. दूध वेगळं, पण ते तुम्ही तसंही घेताय.

करायची रीत. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, एकत्र नाही. इथे घाई केली की जवस जळतो आणि पोहे कच्चे राहतात. पोहे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, सतत हलवत, सहा-सात मिनिटं. रंग बदलू द्यायचा नाही. एक पोहा बोटांनी दाबला की कडकन मोडला पाहिजे. ओट्स पाच मिनिटं, खमंग वास येईपर्यंत. शेंगदाणे भाजून सालं काढून अर्धेमुर्धे करा. जवस तडतडला की लगेच उतरवा, आणि थोडा भरडून घाला; अख्खा जवस बराचसा न पचता बाहेर जातो. डाळं भाजलेलंच असतं, नुसतं गरम करा. सगळं पूर्ण गार झाल्यावरच डब्यात. गरम भरलं तर वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी सगळं चिवट. रविवारचा अर्धा तास जातो, तेवढा वेळ काढा. सकाळी मग खरोखर फक्त डबा आणि दूध.

हे यजमानांना द्यायचं झालं तर पोहे आणि ओट्सचं प्रमाण उलटं करा आणि डाळं-शेंगदाणे थोडे वाढवा. पोहे ज्वारीचे किंवा नाचणीचे मिळाले तर तेही घाला, भाव थोडा जास्त असतो. मुलांच्या डब्यात नाचणीचे पोहे मी आग्रहाने घालायला सांगते, कारण नाचणीत कॅल्शियम १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या घरात असतं. पोह्यांतल्या लोहाबद्दल मात्र जास्त आशा ठेवू नका. जुन्या तक्त्यांत १०० ग्रॅमला २० मिलिग्रॅम असा आकडा होता आणि आम्ही सगळे तोच शिकलो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत तो साडेचारच्या आसपास आला. मी माझ्या जुन्या पेशंटना फोन करून सांगितलं नाही, पण वर्गात सांगते.

ज्वारीच्या लाह्या राहिल्याच. नागपंचमीच्या सुमाराला त्या सगळीकडे दिसतात, एरवी भडभुंज्याकडे विचारायच्या. तुमच्या भागात फुटाणे-चुरमुऱ्यांचं जुनं दुकान असेल तर सकाळी जा, ताजा माल मिळतो. किलोचा भाव ऐकून दचकू नका. मोठा वाडगा शिगोशीग भरला तरी लाह्या वीस-पंचवीस ग्रॅमच भरतात. गार दुधात त्या झटकन मऊ होतात, त्यामुळे दूध आधी आणि लाह्या वरून, आणि लगेच खायच्या. राजगिऱ्याच्या लाह्याही तशाच. मुलांना हे 'पॉप' झालेले दाणे आवडतात, तेवढ्याचसाठी मी मिश्रणात मूठभर घालते. महाग पडतात, म्हणून मूठभरच.

सासूबाईंसाठी एक सूचना. चुरमुरे बनवताना तांदळाला मीठ लावतात. चव घेतली की कळतं, पण रोजच्या खाण्यात लक्षात येत नाही. बीपी असताना ते रोज नकोत. त्यांना ओट्स-दलियाच द्या, मऊही असतो. त्यांचे दात कसे आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण बहुतेक घरांत हा मुद्दा निघतोच.

खरेदी कुठून? पोहे, डाळं, शेंगदाणे मार्टपेक्षा भुसार दुकानात बऱ्याचदा स्वस्त पडतात. पुण्यात असाल तर मार्केट यार्डाच्या भुसार बाजारातून सोसायटीतल्या चार घरांनी मिळून आणा. मुंबई-ठाण्याकडच्यांना ग्राहक पंचायतीचे संघ ठाऊक असतीलच. गटाने महिन्याचं सामान घ्यायची ती पद्धत अशाच वस्तूंसाठी बनली आहे. सुटं घेताना चाळून, निवडून घ्या. पेणचे पोहे मिळाले तर माझ्या वाटणीचे दोन रुपये जास्त द्या.

आता मुलं. उद्यापासून चॉकलेटवालं बंद, असं केलंत तर मुलं वाडगा सरकवून ठेवतील आणि सासूबाई त्यांची बाजू घेतील. घरोघरी हेच होतं. पहिल्या आठवड्यात तीन भाग जुनं, एक भाग नवं मिश्रण. दुसऱ्या आठवड्यात अर्धं-अर्धं. तिसऱ्या आठवड्यात जुनं फक्त वर भुरभुरायला. गोडीसाठी अर्धं केळं कुस्करून दुधात, वेलची किंवा दालचिनीची पूड. केळ्यातही साखर असतेच, पण ती तंतूंसकट येते आणि आपल्याला ती दिसते. गूळ आणि मध घालू का, हे तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगते: शरीराला तो गूळ आहे की साखर याचा फारसा फरक पडत नाही. गुळाचा चमचा हा साखरेच्या चमच्याइतकाच मोजायचा. आणि बिनसाखरेचं पण गोड अशी पाकिटं दिसली तर घटकांत ९५१, ९५५, ९६० असे नंबर शोधा; ती गोडी आणणारी द्रव्यं आहेत. मुलांना मी ती देत नाही. जिभेला तितकंच गोड लागत राहिलं तर सवय कशी मोडणार?

हे सगळं वाचूनही 'ब्रेकफास्ट सिरियल्स'च्या पाटीखालचंच काही घ्यायचं असेल, कधी पाहुणे असतात, कधी रविवारचा अर्धा तास मिळत नाही, तर क्रम असा ठेवा. आधी साधे रोल्ड ओट्स. मग सुकी फळं नसलेली, फक्त धान्य आणि बियांची मुसली, तीही टोटल शुगर्स पाहून. अख्ख्या गव्हाच्या चपट्या विटांसारखी बिस्किटं मोठ्या मार्टमध्ये मिळतात, त्यात साखर १०० ग्रॅमला साडेचारच्या आसपास असते आणि तंतू भरपूर. पण बरीचशी आयात केलेली, म्हणून महाग. त्यानंतर साधे कॉर्नफ्लेक्स, सोबत मूठभर शेंगदाणे. ग्रॅनोला यादीत नाही. तो तेल आणि पाक घालूनच भाजतात, नाव कितीही चांगलं असो.

परदेशातल्या ज्या मैत्रिणी हे वाचतील त्यांच्यासाठी दोन ओळी. इंग्लंडमध्ये पाकिटावर लाल-पिवळे-हिरवे ठिपके असतात. साखर १०० ग्रॅमला ५ च्या आत असली की हिरवा, साडेबावीसच्या वर लाल. दुकानाच्या स्वतःच्या नावाचे साधे पॉरिज ओट्स आणि श्रेडेड व्हीट, ज्यात गव्हाशिवाय काहीच नसतं, ही दोन तिथली माझी उत्तरं. अमेरिकेतही तेच, फक्त श्रेडेड व्हीटचा 'फ्रॉस्टेड' प्रकार चुकून उचलू नका. खोके शेजारी-शेजारी असतात आणि सारखे दिसतात.

पावसाळ्याचं सांगायचं राहिलं. जून ते सप्टेंबर हे मिश्रण पंधरा दिवसांचंच करा. मऊ पडलं तर फेकू नका, ताटात पसरून उन्हात किंवा तव्यावर पुन्हा कोरडं करा. जवस मात्र तेव्हा वेगळा ठेवा, फ्रिजमध्ये, भरडलेला असेल तर नक्कीच.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, मुलांना महिन्यातून एकदा चॉकलेटवालं चालेल का? चालेल की. फक्त ते खाऊच्या फडताळात ठेवा, बिस्किटं-चिवड्याशेजारी. न्याहारीच्या डब्यांत नको. आणि घ्याल ते सगळ्यात छोटं पाकीट घ्या. ग्रॅमचा भाव बघा असं वर मी सांगितलंय, पण इथे नका बघू.